विश्लेषण : दहा मिनिटांत किराणा दारात… पण त्या दहा मिनिटांची किंमत कोण मोजते?

कोथिंबिरीची जुडी, दुधाची पिशवी, फोनचा चार्जर किंवा रात्री साडेनऊला आठवलेला मुलांच्या शाळेचा कार्डशीट. शहरांत यांपैकी काहीही आता फोनवरून मागवले की थोड्याच वेळात दारात येते. गेल्या चार-पाच वर्षांत ‘क्विक कॉमर्स’ने शहरी खरेदीची सवयच बदलून टाकली. ग्राहक खूश आहे. पण किराणा दुकानदार, वितरक आणि दुचाकीवरून माल पोहोचवणारे कामगार अस्वस्थ आहेत. हे तंत्रज्ञान चालते कसे, त्यात पैसे कोण कमावतो, आक्षेप कोणते आणि नियम काय सांगतात, याविषयी…

क्विक कॉमर्स म्हणजे नेमके काय?

ऑनलाइन खरेदी भारतात नवी नाही. पण आधी मागवलेली वस्तू शहराबाहेरच्या मोठ्या गोदामातून निघून दोन-चार दिवसांनी यायची. क्विक कॉमर्समध्ये ते गोदामच वस्तीत आणले गेले. स्विगीने ऑगस्ट २०२० मध्ये ‘इन्स्टामार्ट’ सुरू केले. २०२१ मध्ये मुंबईतून ‘झेप्टो’ सुरू झाली. २०१३ पासून किराणा घरपोच देणाऱ्या ‘ग्रोफर्स’ने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ब्लिंकिट’ असे नाव घेतले आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती कंपनी विकत घेतली. टाटा समूहाच्या ‘बिगबास्केट’नेही झटपट सेवा सुरू केली, तर ऑगस्ट २०२४ मध्ये ‘फ्लिपकार्ट मिनिट्स’ आले.

वाढीचा वेग पाहायचा तर ब्लिंकिटचे उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर २०२४ अखेर या कंपनीच्या दुकानांची संख्या एक हजारावर गेली आणि पुढच्या तीनच महिन्यांत ती १,३०१ झाली. ‘दुकान’ हा शब्द इथे सोयीपुरता. या जागेत ग्राहकाला प्रवेश नसतो, पाटी नसते, गल्ला नसतो. म्हणूनच त्यांना ‘डार्क स्टोअर’ म्हणतात.

डार्क स्टोअर चालते कसे?

काही हजार चौरस फुटांचा गाळा, त्यात रांगेने मांडण्या, एका कोपऱ्यात शीतकपाटे आणि बाहेर दुचाकींची रांग, असे त्याचे सर्वसाधारण रूप. एक डार्क स्टोअर साधारण दोन-तीन किलोमीटरच्या परिसराला माल पुरवते. ग्राहकाने ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबले की आत काम करणाऱ्याच्या हातातील यंत्रावर यादी उमटते. कोणती वस्तू कोणत्या मांडणीच्या कितव्या खणात आहे, हे यंत्रच सांगते. त्यामुळे कामगाराला शोधाशोध करावी लागत नाही. वस्तू उचलायची, तिचा बारकोड वाचून घ्यायचा, पिशवीत टाकायची, की दोन-तीन मिनिटांत पिशवी तयार.

उरलेले गणित अंतराचे. ताशी २० किलोमीटर वेगाने दोन किलोमीटर कापायला सहा मिनिटे लागतात. म्हणजे कागदावर दहा मिनिटे जमतात. मात्र या गणितात सिग्नल, खोदलेला रस्ता, सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही आणि ‘डिलिव्हरीसाठी वेगळी लिफ्ट’ यांना जागा नाही.

खरे तंत्रज्ञान मात्र ऑर्डर येण्याच्या आधीच कामाला लागलेले असते. कोणत्या पिनकोडमध्ये कोणत्या वारी काय खपते, पाऊस लागला की कशाची मागणी वाढते, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी नारळ किती लागतील, याचा अंदाज जुन्या ऑर्डरींवरून संगणक बांधतो आणि त्यानुसार रात्रीतून माल भरला जातो. अंदाज चुकला तर भाजी सडते किंवा ग्राहक रिकाम्या हाताने दुसऱ्या ॲपकडे वळतो. दहा मिनिटांचा डोलारा दुचाकीच्या वेगाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, या अंदाजावर उभा आहे.

किराणा दुकान तर त्याहूनही जवळ; मग ते मागे का पडते?

कोपऱ्यावरचा वाणी बहुतेक घरांपासून दोन मिनिटांच्या अंतरावर असतो. एक हाक मारली की तो पोऱ्याच्या हाती सामान वर पाठवतो, हेही अनेक वर्षांपासून चालत आले आहे. म्हणजे ‘झटपट घरपोच’ ही कल्पना ॲपची नव्हेच. फरक तीन ठिकाणी पडतो.

पहिला फरक खात्रीचा. दुकानात हवी ती वस्तू आहे की नाही, हे तिथे गेल्यावरच कळते. ॲपवर ते आधी दिसते. दुसरा फरक मालाच्या वैविध्याचा. लहान दुकानाच्या जागेत आणि भांडवलात मोजकाच माल बसतो, तर डार्क स्टोअरमध्ये काही हजार प्रकारच्या वस्तू असतात. त्यात किराण्यापासून खेळणी, सौंदर्यप्रसाधने आणि इअरफोनपर्यंत सारे आले. तिसरा आणि सर्वांत मोठा फरक किमतीचा. गुंतवणूकदारांच्या पैशांवर उभ्या असलेल्या कंपन्या सवलतीसाठी तोटा सोसू शकतात. दुकानदाराला मात्र त्याच दिवसाच्या गल्ल्यातून विजेचे बिल, भाडे आणि मालाची उधारी भागवायची असते.

माहितीच्या बाबतीतही चित्र असेच. कोणत्या घरी कोणता चहा लागतो, कोणाचा पगार कधी होतो, कोणाकडे पाहुणे आले आहेत, हे वाण्याला तोंडपाठ असते. ॲपकडे हीच माहिती हजारो घरांची, तारीख-वेळेसह असते. वाणी ती वापरून उधारी द्यायची की नाही, एवढेच ठरवतो. ॲप त्या माहितीवर जाहिराती विकते, माल भरते आणि कोणाला कोणती सवलत दाखवायची हेही ठरवू शकते.

छोट्या दुकानांत तंत्रज्ञान आलेच नाही का?

आले, आणि मोठ्या प्रमाणावर आले. बारकोड पहिल्यांदा प्रत्यक्ष विक्रीसाठी वापरला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये. वस्तू होती च्युइंगमची. भारतातील छोट्या दुकानांनी मात्र बारकोड आणि संगणकीय बिलाचा टप्पा बहुतांशी ओलांडून थेट क्यूआर कोडपर्यंत उडी घेतली.

राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) २०१६ मध्ये ‘यूपीआय’ आणले. दुकानदाराला महागडे कार्डयंत्र घ्यावे लागत नाही, छापील क्यूआर कोड पुरतो. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेणे बंद झाले. ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ असे मोठ्याने सांगणारा स्पीकर गल्ल्याशेजारी आला आणि गर्दीतही पैसे जमा झाल्याची खात्री पटू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील एका महिन्याचे व्यवहार पहिल्यांदाच दोन हजार कोटींच्या पुढे गेले. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर गोळ्या-चॉकलेट टेकवण्याची पद्धत यामुळेच मागे पडली. उधारीची लाल वहीही फोनमध्ये गेली. थकबाकीची आठवण ग्राहकाला संदेशाने पाठवणारी ॲप आज अनेक दुकानदार वापरतात.

पण या सोयीचीही एक बाजू आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात हजारो छोट्या विक्रेत्यांना यूपीआयवरील जमा रकमेच्या आधारे वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते, असा नियम आहे. मात्र खात्यात आलेली प्रत्येक रक्कम विक्रीचीच असते असे नाही आणि भाजी, दूध यांसारख्या अनेक वस्तूंवर करही नसतो, असे विक्रेत्यांचे म्हणणे होते. बेंगळूरुमध्ये काही दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. क्यूआर कोडमुळे छोट्या दुकानाचा हिशेब पहिल्यांदाच बाहेरच्यांना दिसू लागला. त्याचा फायदा कर्ज मिळवताना होऊ शकतो. पण हिशेब ठेवण्याची सवय आणि सल्ला नसेल तर तोच अडचणीचा ठरतो.

कंपन्यांना पैसे मिळतात कुठून?

पन्नास रुपयांची वस्तू घरपोच देऊन कोणाचेच भागत नाही. त्यामुळे ऑर्डर मोठी व्हावी, यावर सारा भर असतो. ब्लिंकिटच्या ऑर्डरचे सरासरी मूल्य २०२४-२५ मध्ये ६०० रुपयांहून अधिक होते. ‘आणखी ६५ रुपयांची खरेदी करा आणि डिलिव्हरी मोफत मिळवा’ ही पट्टी त्यासाठीच असते.

उत्पन्नाचे मार्ग मुख्यतः चार. विक्रीवरील कमिशन किंवा नफा हा पहिला. ग्राहकाकडून घेतले जाणारे डिलिव्हरी, हाताळणी, पाऊस किंवा गर्दीच्या वेळेचे शुल्क हा दुसरा. वर्गणी भरून सवलत देणाऱ्या सदस्ययोजना हा तिसरा. चौथा मार्ग जाहिरातींचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा होत चालला आहे. ॲपवर ‘बिस्कीट’ असे शोधल्यावर पहिल्यांदा कोणते बिस्कीट दिसावे, यासाठी उत्पादक पैसे मोजतात. दुकानात डोळ्यांच्या उंचीवरची मांडणी मिळावी म्हणून कंपन्या दुकानदाराला पूर्वीही काही ना काही देत असत. आता ती मांडणी प्रत्येक ग्राहकाच्या फोनवर आहे आणि ती क्षणाक्षणाला बदलता येते.

वितरक आणि दुकानदारांचा आक्षेप काय?

साबण असो वा बिस्कीट, ते कारखान्यातून वितरकाकडे आणि तिथून दुकानात जाते. वस्तूनुसार बदलत असले तरी यात वितरकाला साधारण तीन ते पाच टक्के आणि किरकोळ दुकानदाराला आठ-दहा टक्क्यांच्या आसपास सुटतात. क्विक कॉमर्स कंपन्या मोठ्या प्रमाणावर थेट उत्पादकांकडून माल घेतात. त्यामुळे वितरक साखळीतून बाहेर पडतो. दुकानदाराची तक्रार अशी, की ज्या दराने वस्तू त्याला मिळते, त्याहून कमी दराने ती ॲपवर ग्राहकाला मिळते.

‘ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशन’ या वितरकांच्या महासंघाने वर्षभरात देशात दोन लाख किराणा दुकाने बंद पडल्याचा दावा २०२४ मध्ये केला होता. हा संघटनेचा दावा आहे. दुकान बंद होण्यामागे वाढते भाडे, पुनर्विकास, पुढच्या पिढीने धंदा न करणे अशीही कारणे असतात. २०२५ मध्ये या महासंघाने तोट्यातील विक्रीच्या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली.

कायद्याची अडचण इथेच आहे. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ४ नुसार स्पर्धकाला संपवण्यासाठी खर्चापेक्षा कमी किमतीत विक्री करणे हा गैरप्रकार आहे. मात्र तो सिद्ध होण्यासाठी संबंधित कंपनीचे बाजारावर ‘वर्चस्व’ असल्याचे आधी दाखवावे लागते. तीन-चार कंपन्या आपसांत झुंजत असतील तर कोणा एकीचे वर्चस्व कसे दाखवणार? आणि बाजार कोणता धरायचा? फक्त क्विक कॉमर्सचा, की त्यात किराणा दुकानेही मोजायची?

दुसरा मुद्दा परकीय गुंतवणुकीचा. नियमानुसार विक्रेता आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेत १०० टक्के परकीय गुंतवणूक चालते; पण अशा कंपनीला स्वतःच्या मालकीचा माल विकता येत नाही आणि किमतींवर प्रभाव टाकता येत नाही. डार्क स्टोअरमधील माल कागदोपत्री दुसऱ्या विक्रेत्याचा असला तरी प्रत्यक्षात नियंत्रण ॲपचेच असते, असा व्यापारी संघटनांचा आरोप आहे. झोमॅटो आणि ब्लिंकिटची मालक कंपनी ‘इटर्नल’ने २०२५ मध्ये परकीय मालकीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. भारतीय मालकीची कंपनी झाल्यामुळे तिला स्वतःचा माल ठेवून विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

दहा मिनिटांचा भार कोणावर?

डिलिव्हरी करणाऱ्याला कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात. तो पगारी नोकर नसतो. त्याला प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळतात आणि ठरावीक संख्या गाठली तर वरचा भत्ता. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे. पाऊस, ऊन आणि अपघाताची जोखीमही बव्हंशी त्याचीच.

कंपन्यांचे म्हणणे असे, की दहा मिनिटे ही दुचाकीच्या वेगाने नव्हे, तर दुकान जवळ असल्याने शक्य होतात आणि उशीर झाला म्हणून कामगाराला दंड होत नाही. यात तथ्य आहे. पण मोबदला फेऱ्यांवर अवलंबून असेल तर घड्याळ कोणी दाखवण्याची गरज उरत नाही. जितक्या जास्त फेऱ्या तितके जास्त पैसे, हे गणित कामगार स्वतःच करतो.

डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, नाताळ आणि ३१ डिसेंबर या ऐन गर्दीच्या दिवशी, कामगार संघटनांनी संपाची हाक दिली. दहा मिनिटांची हमी बंद करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी चर्चा केली आणि त्यानंतर ब्लिंकिटने ‘दहा मिनिटां’चा उल्लेख आपल्या जाहिरातींतून काढला. जाहिरातीतले शब्द बदलले तरी मोबदल्याची पद्धत तीच राहिली, तर रस्त्यावर फारसा फरक पडणार नाही, हा यातील कळीचा मुद्दा आहे.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत मात्र एक पाऊल पुढे पडले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांना पहिल्यांदा कायद्यात स्थान दिले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या कल्याण निधीसाठी द्यावी, मात्र ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये, अशी तरतूद आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा नाही.

ग्राहकाचा फायदा निर्विवाद आहे का?

वेळ वाचतो, हे खरे. घरात आजारी माणूस असेल, लहान मूल असेल किंवा ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर ही सेवा चैनीची नव्हे, गरजेची ठरते. पण ‘स्वस्त’ हा दावा प्रत्येक वेळी तपासून पाहावा असा आहे.

समजा, टोपलीत १८० रुपयांचा माल आहे. पैसे भरण्याच्या शेवटच्या पडद्यावर त्यात हाताळणी शुल्क, ‘छोट्या ऑर्डर’चे शुल्क आणि डिलिव्हरी शुल्क जोडले गेले, तर दहा-वीस रुपयांची सवलत त्यातच विरघळते. किंमत अशी थेंबाथेंबाने उघड करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, ‘शेवटची दोनच पाकिटे शिल्लक’ असा खोटा धाक घालणे, सदस्यत्व रद्द करण्याचा पर्याय लपवणे, या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःचे ॲप तपासून घेण्यास सांगण्यात आले.

दुसरा प्रश्न मालाच्या दर्जाचा. दुकानात भाजी हाताने निवडता येते, पाकिटावरची तारीख पाहता येते. ॲपवर दिसते ते फक्त चित्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले, की घरी पोहोचताना खाद्यपदार्थाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत धारावीतील एका डार्क स्टोअरचा परवाना अस्वच्छता आणि बुरशी आढळल्याने निलंबित केला आणि पुण्यात बालेवाडीतील एका केंद्रावरही कारवाई केली. ज्या जागेत ग्राहक कधीच पाऊल टाकत नाही, तिथे सरकारी निरीक्षकाची फेरी अधिक महत्त्वाची ठरते. दुकान घाणेरडे असेल तर गिऱ्हाईक स्वतःच पाठ फिरवते; डार्क स्टोअरला तो धाक नाही.

तिसरा प्रश्न माहितीचा. कोणत्या घरात कोणती औषधे, कोणत्या वयाच्या बाळाचे डायपर आणि महिन्याच्या कोणत्या तारखेनंतर कमी खर्च, हे सारे ॲपला कळते. केवळ ऑनलाइनच नव्हे, मॉलमध्येही बिलासाठी मोबाइल क्रमांक मागितला जातो. तो देण्याची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण बहुतांश तरतुदी लागू होण्यास १८ महिन्यांची मुदत आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

* पैसे भरण्यापूर्वी वस्तूंची बेरीज आणि शेवटची रक्कम यांतला फरक पाहावा. सवलत वजा जाता आपण किती जादा देतो, हे तिथेच कळते.
* पाकिटाच्या किमतीऐवजी १०० ग्रॅम किंवा एका किलोचा दर ताडून पाहावा. समजा ४०० ग्रॅमचे पाकीट ९२ रुपयांना आणि एक किलोचे २१० रुपयांना असेल, तर पहिल्यात १०० ग्रॅमला २३ रुपये पडतात आणि दुसऱ्यात २१.
* माल हाती आल्यावर लगेच तारीख तपासावी आणि खराब असल्यास छायाचित्र काढून ठेवावे.
* ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

इतर देशांत काय झाले?

युरोपात २०२१ च्या सुमारास अशाच कंपन्यांचे पेव फुटले होते. जर्मनीची ‘गोरिलाज’ २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या ‘गेटिर’ने विकत घेतली आणि त्याच गेटिरने एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिकेतून काढता पाय घेण्याचे जाहीर केले. करोनाकाळ ओसरताच मागणी घटली आणि मजुरीचा खर्च परवडेनासा झाला. भारतात दाट वस्ती आणि स्वस्त मजुरी यांमुळे हे गणित जुळले. म्हणजेच येथील यशात तंत्रज्ञानाइतकाच कमी मोबदल्यात काम करणाऱ्या हातांचा वाटा आहे.

नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम या शहरांनी तर २०२२ च्या सुरुवातीला निवासी भागातील आवाज, गर्दी आणि वाहनांच्या तक्रारींमुळे नव्या डार्क स्टोअरना वर्षभरासाठी बंदी घातली होती. आपल्याकडेही सोसायट्यांच्या तळमजल्यावरील गाळ्यांबाहेर पहाटेपासून रात्रीपर्यंत दुचाकी उभ्या असतात, मालाचे टेम्पो येतात. हे दुकान मानायचे की गोदाम, आणि निवासी भागात त्याला कोणत्या अटींवर परवानगी द्यायची, याचा विचार महापालिकांना आज ना उद्या करावाच लागेल.

मग किराणा दुकान टिकेल का?

देशातील वाणसामानाची बहुतांश विक्री आजही छोट्या दुकानांतूनच होते. तालुक्याच्या गावी आणि लहान शहरांत डार्क स्टोअरचे गणित जुळणे कठीण आहे, कारण तिथे दोन किलोमीटरच्या परिसरात रोज पुरेशा ऑर्डर मिळतीलच असे नाही. हातावर पोट असणाऱ्यांना दहा रुपयांचे तेल, पाव किलो साखर आणि पगारापर्यंतची उधारी कोणतेही ॲप देत नाही. खरा फटका महानगरांतील मध्यमवर्गीय वस्तीतल्या दुकानांना बसतो, कारण जास्त नफा देणारी खरेदीच तिथून ॲपकडे गेली. दुकानात उरते ती दूध-पाव आणि ऐनवेळची किरकोळ विक्री.

दुकानदारांना बळ देण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे उभारले. कोणत्याही ॲपवरून कोणत्याही दुकानाचा माल मागवता यावा, ही त्यामागची कल्पना. पण दुकानात कोणता माल शिल्लक आहे याची अचूक, ताजी नोंद नसेल तर खुले जाळेही निरुपयोगी ठरते. ग्राहकाने मागवायचे आणि दुकानदाराने ‘संपले’ म्हणायचे, असे दोनदा झाले की तो परत येत नाही. त्यामुळे दुकानदारासाठी पहिली पायरी ॲप नव्हे, तर मालाची संगणकीय नोंद आणि पाच-दहा दुकानांनी मिळून केलेली घाऊक खरेदी ही आहे. महाराष्ट्राला सामूहिक खरेदी नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून ती ग्राहकांच्या बाजूने करून दाखवली आहे.

येत्या काळात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे लागेल. स्पर्धा आयोग तोट्यातील विक्रीबाबत काय भूमिका घेतो. कामगारांच्या कल्याण निधीत प्रत्यक्ष पैसे जमा होऊन ते अपघातग्रस्त कामगाराच्या घरी पोहोचतात का. आणि माहिती संरक्षणाचे नियम मुदतीत लागू होतात का. या तिन्हींची उत्तरे लांबली तर छोटी दुकाने आपोआप कमी होत जातील. पर्याय उरले नाहीत की सवलतीही आटतात आणि शुल्के वाढतात. त्या वेळी ग्राहकाला दोन मिनिटांवरच्या वाण्याची आठवण होईल, पण त्याच्या गाळ्यात कदाचित डार्क स्टोअर उघडलेले असेल.